'धावत आला' मधला 'धावत' कोण?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४२, राहणार तालुक्याच्या गावी. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, ए बी सी डीशी गाठ पडली ती पाचवीत. गेली नऊ वर्षं त्या घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतात. त्यांच्याकडे नववीतला एक मुलगा येतो. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'प्रश्न विचारून जीव नकोसा करणारा, पण गुणी'. मागच्या महिन्यात त्याने 'ही केम रनिंग' (तो धावत आला) हे वाक्य आणलं आणि यातला 'रनिंग' कोण ते विचारलं. ताई म्हणाल्या, क्रियापद. शेवटी आयएनजी दिसतंय ना! मुलाच्या गाइडात उत्तर होतं ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण. शाळेतल्या सरांनी सांगितलं पार्टिसिपल, म्हणजे धातुसाधित. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या मुलांसमोर विचारलं, "मॅडम, तिघांत बरोबर कोण?" ताईंनी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या अजून उजाडलेला नाही. मग त्यांनी जुन्या वह्या उघडल्या, तर एका मुलीने 'फ्रेंडली'खाली ॲडव्हर्ब म्हणून मारलेली रेघ आपणच बरोबर दिल्याचं त्यांना दिसलं. त्यातच एका आईने फी देताना सहज विचारलं, "तुम्ही स्वतः इंग्लिश मीडियमच्या ना?"

ताई विचारतात: ॲडव्हर्ब ओळखायची एक पक्की खूण कोणती? चूक झाली हे मुलांना सांगावं का? आणि माझ्यासारखीने इंग्रजीची शिकवणी घ्यावीच का?

ताई,

तुमच्या पत्रात 'ॲडव्हर्ब' हा शब्द मी मोजून अकरा वेळा वाचला आणि 'लाज' चार वेळा. व्याकरणाचं आधी बघू. लाजेचं उत्तर बहुधा त्यातच सापडेल.

त्या मुलाने विचारलं, "तिघांत बरोबर कोण?" तुम्ही लगेच धरून चाललात की तिघांपैकी एक बरोबर आणि दोघे चूक, आणि त्या दोघांत आपण. मला वाटतं तिघांनीही खऱ्याचा एकेक तुकडा सांगितला. सरांनी 'रनिंग'चं रूप सांगितलं, गाइडाने त्याचं त्या वाक्यातलं काम सांगितलं आणि तुम्ही त्याचं कूळ सांगितलंत. 'रनिंग' 'रन'पासून झालंय, म्हणजे क्रियापदाच्या घरातलंच. तुमची चूक एवढीच की 'क्रियापद' म्हणून तुम्ही थांबलात. त्या वाक्याचं क्रियापद 'केम' आहे. वाक्याचा सगळा भार ते उचलतं. 'रनिंग' तो भार उचलत नाही.

आपण शाळेत 'शब्दांच्या जाती' म्हणून शिकलो. हे नाव मला कधीच पटलं नाही. 'जात' म्हटलं की जन्माने चिकटलेलं, न सुटणारं काहीतरी मनात येतं, आणि मग मुलं पाठ करतात: 'फास्ट' विशेषण, 'अप' प्रिपोझिशन, आयएनजीवाला क्रियापद. वाक्यात शब्द दुसरंच काम करताना दिसला की गोंधळ ठरलेला. तुमच्या शेजारचे गृहस्थ घरी बाबा, बँकेत कॅशियर आणि रविवारी भजनी मंडळात मृदंगवाले असतील, तर त्यांना 'तुम्ही नक्की कोण?' असं आपण विचारत नाही. कुठे भेटले ते बघतो. म्हणून मुलांना एक प्रश्न न देता दोन द्या. हा शब्द कशापासून झाला? आणि या वाक्यात तो काय करतोय? मुलं गडबडतात ती या दोन प्रश्नांना एकच उत्तर शोधतात म्हणून.

आता तुमच्याकडे असलेली आणि तुम्ही वापरत नसलेली किल्ली सांगते. ती मराठी आहे.

इंग्रजीने एका आयएनजीवर चार-चार कामं लादली आहेत. 'रनिंग इज गुड फॉर द हार्ट', 'अ रनिंग ट्रेन', 'ही केम रनिंग', 'ही इज रनिंग'. चारही ठिकाणी शब्द हुबेहूब तोच. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलालाही नुसतं रूप बघून फरक सांगता येणार नाही. आता हीच वाक्यं मराठीत म्हणा. धावणं हृदयाला चांगलं. धावती गाडी. तो धावत आला. तो धावतोय. प्रत्येक कामाला मराठीने वेगळा कपडा शिवून ठेवलाय. 'धावणं' म्हटलं की नाम. 'धावती' म्हटलं की विशेषण, आणि ते नामाप्रमाणे बदलतं: धावता घोडा, धावती गाडी, धावतं चाक. 'धावत' मात्र बदलत नाही. तो धावत आला, ती धावत आली, पोरं धावत आली. लिंग बदला, वचन बदला, 'धावत' जागचं हलत नाही. म्हणून ते अव्यय, आणि कसा आला ते सांगतं म्हणून त्याचं काम क्रियाविशेषणाचं. धातूपासून झालं म्हणून धातुसाधित. तुमच्या त्या मुलाने संस्कृत घेतलं असेल तर त्याला हे नवं नाही. 'गत्वा' त्वान्त अव्यय, 'गन्तुम्' तुमन्त अव्यय हे तो घोकतच असेल. धातूपासून झालेली ही रूपं पाणिनीने अव्ययांत घातली आणि कोणालाही त्यात विचित्र वाटलं नाही.

हीच युक्ती आयएनजीच्या पलीकडेही चालते. 'शी केम टू मीट मी' यात 'टू मीट' म्हणजे भेटायला: कशासाठी आली ते सांगतं, काम क्रियाविशेषणाचं. 'टू फर्गिव्ह इज हार्ड' यात क्षमा करणं: नामाचं काम. 'वॉटर टू ड्रिंक' म्हणजे प्यायचं पाणी: विशेषणाचं. 'ही हॅज ब्रोकन द चेअर' म्हणजे त्याने खुर्ची मोडली आहे, आणि 'अ ब्रोकन चेअर' म्हणजे मोडकी खुर्ची. 'मोडली' आणि 'मोडकी' यांतला फरक आठ वर्षांच्या पोराला विचारा, तो हसेल तुम्हाला. इंग्रजीत तोच फरक समजावताना मात्र आपण फळाभर व्याख्या लिहितो.

ही किल्ली दोन ठिकाणी अडकते आणि ते मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. एक: मराठीत 'तो धावत आहे' असंही म्हणतात. तिथेही 'धावत'च, पण तिथे ते क्रियापदाचाच भाग आहे. दुसरं: 'ही केप्ट रनिंग', तो धावत राहिला. इथेही मराठी 'धावत' म्हणते आणि मुलगा खुशीत ॲडव्हर्ब लिहून टाकतो. यावर उपाय म्हणून शब्द झाकून बघायला सांगा. फळ्यावरच्या 'धावत'वर हात ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. 'तो आला': बातमी पुरी झाली, फक्त कसा आला ते कळलं नाही. म्हणजे झाकलेला शब्द वरची भर होता, क्रियाविशेषणाच्या कामाचा. 'तो आहे': ही वेगळीच बातमी झाली. 'तो राहिला': कुठे राहिला, मागे? म्हणजे इथे 'धावत' वरची भर नव्हतं, वाक्य त्याच्यावर उभं होतं. माझ्या वर्गात मुलं हा खेळ हाताच्या तळव्याने खेळायची. पहिल्या बाकावरच्यांचे तळवे सदा खडूने पांढरे.

खरं क्रियापद कोणतं हे कळायला आणखी सोपा उपाय आहे. वाक्यात 'काल'च्या जागी 'रोज' घाला. 'ही केम रनिंग यस्टरडे', 'ही कम्स रनिंग एव्हरी डे'. कोण बदललं? 'केम'चं 'कम्स' झालं, 'रनिंग' तसंच राहिलं. काळ बदलला की जो बदलतो तो मालक, बाकीचे पाहुणे. जोडीने येणाऱ्या क्रियापदांतही हेच दिसतं: 'वॉज रनिंग', 'इज रनिंग', 'विल बी रनिंग'. बदल सगळा मदतनिसाच्या अंगावर.

मग गाइडाने सरळ 'ॲडव्हर्ब' लिहिलं ते पूर्ण बरोबर का? मी ते पूर्ण बरोबर देणार नाही. 'रनिंग' ॲडव्हर्बचं काम करत असलं तरी क्रियापदाच्या घरच्या सवयी त्याने सोडलेल्या नाहीत. 'ही केम कॅरिंग अ बॅग' हे वाक्य घ्या. तो पिशवी घेऊन आला. 'कॅरिंग' कसा आला ते सांगतं, पण त्याला स्वतःचं कर्मही आहे: बॅग. खऱ्या ॲडव्हर्बला कर्म असत नाही. 'क्विकली अ बॅग' असं कधी कोणी म्हणतं का? 'स्मायलिंग' आणि 'स्मायलिंगली' शेजारी ठेवून बघा. 'शी ॲन्सर्ड, स्मायलिंग ॲट द बेबी' चालतं. 'शी ॲन्सर्ड स्मायलिंगली' हेही चालतं. पण 'स्मायलिंगली ॲट द बेबी' म्हणालात की कानाला खटकतं. एलवाय लागल्यावर तो शब्द माहेर सोडून पुरता ॲडव्हर्बच्या घरी गेला. आता बाळाकडे बघून हसायची मुभा नाही.

हा घोळ फक्त तुमचा नाही बरं. फार जुना आहे. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत, आणि त्यांत पार्टिसिपल हा स्वतंत्र वर्ग आहे. नाव काय दिलं? 'भागीदार'. क्रियापदाचाही थोडा हिस्सा, नामाचाही थोडा. लॅटिनवाल्यांनी त्याच अर्थाचा शब्द घेतला, त्यावरून आजचा पार्टिसिपल आला. 'पार्टिसिपेट' त्याचाच भाऊ. म्हणजे पाश्चात्त्य व्याकरणाच्या उगमाशी बसलेल्या लोकांनाही हा शब्द धड इकडचा नाही आणि धड तिकडचा नाही, हे दिसलं होतं. पुढे १७९५ साली लिंडली मरे या मूळच्या वकिलाने इंग्लंडमधल्या यॉर्क इथे बसून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. तिथल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांना शिकवायला पुस्तक हवं होतं म्हणून. (बघा, अडलेल्या बाई तिथेही होत्याच.) त्याने नऊ वर्ग धरले, आणि पार्टिसिपलला वेगळी खुर्ची न देता क्रियापदाच्या घरात बसवलं. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आठ जातींची मांडणी आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आली. आणि अगदी अलीकडे, २००२ साली, हडलस्टन आणि पुलम यांनी केंब्रिजचं जाडजूड इंग्रजी व्याकरण तयार केलं, त्यात त्यांनी जिरंड (नामाचं काम करणारं आयएनजीचं रूप) आणि प्रेझेंट पार्टिसिपल (आयएनजीची बाकीची कामं) हा भेदच मोडीत काढून दोन्हींना एका नावाखाली आणलं. दोन हजार वर्षं मोठमोठे लोक या एका शब्दाची खुर्ची हलवत आले आहेत. तुमच्या ओसरीवरच्या वर्गात ती थोडी डुगडुगली तर काय बिघडलं?

आता 'फ्रेंडली'.

एलवाय दिसलं की ॲडव्हर्ब, हा नियम शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात फार गोड वाटतो. मग कोणीतरी 'सप्लाय'खाली रेघ मारतं. 'जुलै'च्या स्पेलिंगचा शेवटही एलवायच आहे, 'फॅमिली'चा आणि 'इटली'चाही. ते विनोद सोडून देऊ, पण 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कावर्डली', 'मदरली' या शब्दांचं काय? इथे एक नियम बऱ्यापैकी साथ देतो. एलवाय काढा आणि मागे काय उरतं ते बघा. 'स्लो', 'क्विक', 'ब्रेव्ह' अशी विशेषणं उरली तर मूळ शब्द ॲडव्हर्ब. 'फ्रेंड', 'लव्ह', 'कावर्ड', 'मदर' अशी नामं उरली तर तो बहुतेक विशेषण. 'डेली', 'वीकली' दोन्हीकडे नांदतात: 'अ डेली पेपर' आणि 'इट कम्स डेली'. 'फ्रेंडली'चा ॲडव्हर्ब हवा असेल तर इंग्रजी माणूसही वळसा घेऊन 'इन अ फ्रेंडली वे' म्हणतो.

असं का झालं ते मुलांना सांगितलंत तर त्यांना आवडेल. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे दोन वेगळे प्रत्यय होते. 'लीच' लागलं की विशेषण, 'लीचे' लागलं की ॲडव्हर्ब. शेवटचा 'ए' बोलता बोलता झिजला आणि दोन्ही प्रत्यय 'ली'वर येऊन मिळाले. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांचंही तेच. त्यांच्याही ॲडव्हर्बला शेवटी एक 'ए' होता, तो गळला आणि विशेषण व ॲडव्हर्ब दिसायला सारखे झाले. म्हणून 'अ फास्ट ट्रेन' आणि 'ही रन्स फास्ट', दोन्ही बिनचूक. मुलं 'फास्टली' लिहितात ती नियमाला जागून लिहितात, त्यामुळे रागावू नका. फक्त 'हार्ड' आणि 'हार्डली' मात्र एकदा नाटक करून दाखवाच. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे जेमतेम हलतो. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना एका एलवायच्या चुकीने मुलाचं काय होईल ते त्यांनाच सांगू द्या. 'लेट' आणि 'लेटली'चंही असंच. घाटातल्या 'गो स्लो'च्या पाटीला नावं ठेवणारी हुशार मुलंही भेटतात. त्यांना सांगा, 'स्लो' ॲडव्हर्ब म्हणून चालतं, पाटीवाल्याचं काही चुकलेलं नाही.

याच्या उलट बाजूने मराठी आपल्याला गोत्यातही आणते. 'शी सिंग्ज गुड' हे वाक्य तुमच्या किती वह्यांत असेल? माझ्याकडे ढिगाने होतं. कारण आपण म्हणतो 'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो', 'त्या चांगल्या गातात'. इथे 'चांगली' गाण्याबद्दल सांगतंय, काम क्रियाविशेषणाचं, पण कपडे विशेषणाचे आणि वर कर्त्याप्रमाणे बदलतंय. मराठी व्याकरणवाले म्हणूनच काही क्रियाविशेषणं विकारी मानतात. इंग्रजीला हा ढिलेपणा चालत नाही, तिला 'वेल' लागतो. पण मुलांना हे कळलं की ती अतिसावध होतात आणि 'द मँगो स्मेल्स स्वीटली' लिहितात. आंबा स्वतः नाक लावून गोडपणे वास घेत नाही. तो गोड आहे. 'स्मेल', 'टेस्ट', 'लुक', 'फील' यांच्या जागी 'इज' घालून बघायचं: 'द मँगो इज स्वीट'. बसलं? मग विशेषण हवं. मी स्वतः नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीचं 'आय फील बॅड' लाल शाईने खोडून 'बॅडली' केलं होतं. मला वाईट वाटतं, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि तिने ते बरोबर लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ बाईंनी वही बघितली, काही न बोलता पेन पुढे केलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीसमोर मी माझी दुरुस्ती खोडली. तो लाल फराटा अजून आठवतो.

'अप', 'इन', 'ऑन' यांच्याबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलं आहे, ते ॲडव्हर्ब की प्रिपोझिशन म्हणून. इथे परत मराठीच उपयोगी. 'तो वर गेला' आणि 'तो माडीवर गेला'. पहिलं 'वर' सुटं आहे, क्रियाविशेषण. दुसरं नामाला चिकटलंय, शब्दयोगी. 'ही वेंट इन' आणि 'ही वेंट इन द हाउस' यांत तोच फरक आहे, फक्त इंग्रजीत तो शब्द जोडून न लिहिता नामाच्या आधी लिहितात. त्रास होतो तो 'ही लुक्ड अप द वर्ड' आणि 'ही लुक्ड अप द चिमणी' (चिमणी म्हणजे धुराडं) यांत. दोन्हीकडे 'अप'पुढे नाम आहे. मग नामाच्या जागी 'इट' घाला. शब्द कोशात शोधला तर 'ही लुक्ड इट अप', 'अप' सुटून मागे गेला. धुराड्यातून वर बघितलं तर 'ही लुक्ड अप इट', 'अप' नामाला धरून राहिला. 'अप' सुटून मागे जात असेल तर तो क्रियापदाचा सोबती. जुन्या व्याकरणात ॲडव्हर्ब, नव्यात पार्टिकल. आधी उल्लेख केलेले केंब्रिजवाले तर 'ही वेंट इन' मधल्या सुट्या 'इन'लाही प्रिपोझिशनच म्हणतात, पण ते नववीच्या मुलाला सध्या सांगू नका. तो रात्री झोपणार नाही आणि तुम्हालाही झोपू देणार नाही.

तेव्हा तुम्ही मागितलेली 'एक पक्की खूण' नाहीये. झाकून बघा, काळ बदलून बघा, मराठीत म्हणून बघा, 'इट' घालून बघा, एवढीच हत्यारं. वाक्य बघून कोणतं काढायचं ते ठरतं, आणि सरावाने हात आपोआप तिकडे जातो. परीक्षेपुरतं मात्र व्यवहारी राहा. प्रश्नात पार्टिसिपल, जिरंड किंवा इन्फिनिटिव्ह ('टू मीट'सारखं रूप) ओळखायला सांगितलं असेल तर रूप विचारलंय, तिथे काम लिहू नये. अधोरेखित शब्द कोणाबद्दल माहिती देतो असं विचारलं तर काम लिहावं. वर्ड चेनमध्ये, म्हणजे आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करायच्या प्रश्नात, ॲडव्हर्बची साखळी आली तर मुलं 'क्विकली' लिहून अडकतात, कारण पुढचा शब्द 'वाय'ने सुरू व्हायला हवा. 'यस्टरडे', 'यिअरली', 'यट' हे तीन तोंडपाठ करून घ्या. 'यट'नंतर 'टी' येतो आणि 'टुडे', 'देन', 'देअर' असं पुढचं रान मोकळं.

आता उद्याचं. चूक सांगायची का? सांगाच, पण माफीनाम्यासारखी नको. तुम्ही "माझं चुकलं" म्हणून मान खाली घातलीत तर मुलं व्याकरण विसरतील आणि मान लक्षात ठेवतील. त्यापेक्षा फळ्यावर तीन उत्तरं लिहा, तुमचंही त्यात, आणि मुलांना विचारा की प्रत्येकाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. तो प्रश्नवाला मुलगा तुमचं 'क्रियापद' खोडायला सगळ्यात आधी उठेल. उठू द्या. 'रन' या कुळापुरतं ते बरोबर आहे हे त्यालाच शोधायला लावा. 'फ्रेंडली'ची गोष्ट वेगळी, ती सरळ चूक आहे. त्या मुलीला वही परत मागून तिच्यादेखत दुरुस्त करा आणि एलवाय काढून मागे काय उरतं ते तिलाच बोलू द्या. ती आता दहावीला असेल तर बोर्डाच्या आधी केलेलं बरं.

शाळेतल्या सरांबद्दल तुम्ही थोडं रागाने लिहिलंय, त्यांनी मुद्दाम तुम्हाला खोटं पाडलं असं. मला तसं वाटत नाही. त्यांना वाक्य विचारलं, त्यांनी रूप सांगितलं, एवढंच. तुमच्या घरी काय उत्तर दिलं गेलं हे त्यांना ठाऊकही नसेल.

राहिली ती फी देणारी आई. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे तिच्या मुलाने पहिलीत घेतलेली अक्षरं तुम्ही पाचवीत घेतलीत, हे खरंच. पण तो मुलगा आज अडलाय तो अक्षरांशी अडलेला नाही. 'धावणं', 'धावती', 'धावत' यांतला फरक ज्याच्या जिभेवर आहे आणि इंग्रजीतला फरक ज्याला दिसत नाही, अशा मुलाला मधला पूल दाखवायचा आहे. जी बाई दोन्ही काठांवर राहिली तिला तो पूल दिसतो. इंग्लिश मीडियमच्या एखाद्या चांगल्या शिक्षिकेला 'ती चांगली गाते'मुळे 'शी सिंग्ज गुड' होतं हे कदाचित कधी सुचणारच नाही. तुम्ही ती चूक स्वतः करून आलेल्या आहात. त्या आईने परत विचारलं तर सांगा, "नाही हो, मी मराठी मीडियमची." आणि पुढे फीची पावती द्या. जास्त समजावत बसू नका.

शिकवणी बंद करायचा विचार मी या कारणासाठी तरी करणार नाही. घरातली कामं, तब्येत, मुलांची संख्या ही कारणं वेगळी आणि ती तुम्हालाच ठाऊक. 'रनिंग'साठी मात्र नाही. उलट आठवड्यातला एक दिवस ठरवा, समजा शनिवार, त्या दिवशी मुलांनी अडलेलं एक वाक्य आणायचं आणि तुम्ही उत्तर त्याच दिवशी द्यायचं बंधन नाही. "शनिवारी बघू" म्हणणं आणि "उद्या सांगते" म्हणून तोंड चुकवणं यांतला फरक मुलांना नेमका कळतो.

आणि त्या पोराला माझ्याकडून एक वाक्य घाला: 'द चिल्ड्रन सॅट लिसनिंग टू द ओल्ड मॅन'. मराठीत म्हणू द्या, झाकून बघू द्या, काळ बदलून बघू द्या. त्यातल्या 'टू द ओल्ड मॅन'ची सोयरीक 'सॅट'शी की 'लिसनिंग'शी, हेही विचारा. त्याचं उत्तर आलं की मला कळवा. चूक असलं तरी.